दूध आटवायची फुलं

"फादर, दूध म्हणजे पाणी नव्हे. एवढं तर तुम्हीही मान्य कराल?"

धाकटे फादर ग्लॅडविन हे विचारत होते, तेवढ्यात मी ओट्याची पायरी चढले. हातात मोगऱ्याच्या कळ्यांचं ताट होतं.

मोठे फादर, म्हणजे फादर कैतान, आरामखुर्चीत बसले होते. डोळे मिटलेले. त्यांनी ऐंशी कधीच ओलांडली. निवृत्त झाल्यापासून चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत राहतात. त्यांच्या कुंपणाला माझी वाडी लागून आहे, म्हणून दुपारची पेज मीच नेऊन देते. त्या निमित्तानं चार गोष्टी कानावर पडतात. मला वसईभरच्या बातम्या कुठून कळतात, असं लोक विचारतात. अशाच कळतात.

पण त्या दिवशी मी पेज घेऊन गेले नव्हते. मला मातिल्दाबायनं पाठवलं होतं. "सेलिना, जा, मोठ्या फादरांना घेऊन ये. आता तेच काय ते करतील."

येऊन पाहते तर धाकटे फादर आधीच हजर.

"दूध म्हणजे पाणी नव्हे," मोठे फादर म्हणाले. डोळे मिटलेलेच. "मान्य."

"मग मी तिला खोटं सांगायला हवं होतं का?"

"नाही."

"मग माझं चुकलं कुठे?"

मी कोपऱ्यात उभी राहिले. जा म्हणून कोणी सांगितलं नाही, म्हणून गेले नाही.

काय झालं होतं ते आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. मातिल्दाबायची सून जेसिंता. सातवा महिना. परवा पोटात दुखायला लागलं म्हणून नवऱ्यानं, विल्फ्रेडनं, भाजीच्या टेम्पोत मागे गादी टाकली आणि तिला हॉस्पिटलला न्यायला निघाला. सासू सोबत. पुलाखाली गाड्या अडकलेल्या. टेम्पो पुढे सरकेना, मागेही जाईना. पोर तिथेच झाली. मुलगी. एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. रडलीसुद्धा नाही, नुसतं तोंड उघडझाप करत होती.

आमच्यात लहानपणापासून शिकवलेलं असतं. मूल जगेलसं वाटत नसेल आणि फादर जवळ नसतील, तर कोणीही बाप्तिस्मा द्यावा. आईनं द्यावा, शेजाऱ्यानं द्यावा. कपाळावर पाणी ओतायचं, नाव घ्यायचं, पिता पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं म्हणायचं. झालं. ते मूल देवाच्या घरचं झालं.

जेसिंतानं पाणी मागितलं. बाटली रिकामी. सून बेशुद्ध पडली तेव्हा सासूनं सगळं पाणी तिच्याच तोंडावर मारलं होतं. विल्फ्रेड उडी टाकून पाणी शोधायला पळाला. पोरीची छाती हलायची थांबत चालली होती.

तेव्हा जेसिंतानं पोलकं सोडलं. छाती पिळली. पहिला चीक आला, दोन थेंब असतील. तो अंगठ्यावर घेतला आणि पोरीच्या कपाळावर लावला.

"आना," ती म्हणाली. मग पुढचे शब्द म्हणाली. सगळे, न चुकता. मातिल्दाबाय साक्षीला आहे.

विल्फ्रेड पाणी घेऊन आला तेव्हा आना गेली होती.

"आज सकाळी मी त्यांच्या घरी गेलो," धाकटे फादर मोठ्या फादरांना सांगत होते. "दफनाला माझी हरकत नाही. बिशपसाहेबांना फोन करून परवानगीसुद्धा घेतली. मिस्सा करतो, प्रार्थना करतो, सगळं करतो. तिनं मला एकच विचारलं. आनाचा बाप्तिस्मा झाला ना, फादर? मी काय सांगणार? बाप्तिस्म्याला पाणी लागतं. पाण्याशिवाय होत नाही. हे मी नाही ठरवलं. मी तिला म्हटलं, देव दयाळू आहे, तो त्याच्या पद्धतीनं बघून घेईल."

"मग ती काय म्हणाली?"

"काहीच नाही. तेव्हापासून पोरीची पेटी मांडीवरून खाली ठेवत नाही. चार वाजता दफन आहे. माणसं अंगणात येऊन बसलीत."

धाकटे फादर उठून येरझाऱ्या घालायला लागले. ओटा केवढासा, तीन ढांगांत संपतो. ते रोमला शिकून आलेत, चर्चचा कायदा. आल्याला वर्षही झालं नाही. लहान असताना याच ओट्यावर मोठ्या फादरांकडे शिकायला यायचे. आमच्या समोर खोखो खेळून ढोपरं फोडलेला पोरगा, पण आता त्याला अहो-जाहो करावं लागतं, आणि तो मान त्यांनी कमावलाय, खोटं कशाला बोलू. प्रवचन देतात तेव्हा म्हातारे चष्मा पुसून ऐकतात. फक्त त्यांना वाटतं, प्रश्न आला की उत्तर असलंच पाहिजे. आणि ते आपल्याकडेच असलं पाहिजे.

फिरता फिरता त्यांचं लक्ष माझ्या ताटाकडे गेलं.

"बरं केलंत, सेलिनाबाय. पेटीवर पांढरी फुलंच हवी होती. सुगंधही छान आहे."

"पेटीसाठी नाहीत, फादर."

"मग?"

आता हे कसं सांगायचं? मी मोठ्या फादरांकडे पाहिलं. त्यांनी डोळे उघडले होते.

"दूध आटवायला," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"मूल गेलं म्हणून दूध थांबत नाही, फादर. दुसऱ्या तिसऱ्या दिवशी जास्तच येतं. छाती दगडासारखी होते, ताप भरतो. मग मोगऱ्याच्या कळ्या ठेचून बांधतात. हळूहळू आटतं. आमच्या आया हेच करायच्या."

धाकट्या फादरांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. आमच्या वाड्यांतला मोगरा देवळाबाहेरच्या हारांत जातो, नवरीच्या वेणीत जातो, वेदीवर जातो. तो इथेही लागतो, हे त्यांना माहीत नव्हतं. सतराव्या वर्षी फादर व्हायला सेमिनरीत गेलेल्या मुलाला कोण सांगणार?

"रोमला हे राहून गेलं वाटतं," मोठे फादर म्हणाले.

मग माझ्याकडे वळले. "अजून येतंय?"

"कालपासून थांबतच नाही. कापडं बदलून बदलून मातिल्दाबाय थकली."

"मग बांधलं का नाही?"

"बांधू देत नाही ना! म्हणते, आधी फादरांना विचारायचंय. काय विचारायचंय ते आम्हाला सांगत नाही."

मोठ्या फादरांनी त्या कळ्यांकडे पाहिलं.

मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. काठी मागितली.

"चल, ग्लॅडविन."

"मी? माझं तिथं आता काय काम? मी सांगायचं ते सांगितलंय, फादर. आणि तुम्हीच म्हणालात मी बरोबर आहे."

"बरोबर आहेस म्हणूनच चल."

मातिल्दाबायचं घर बावखलाच्या पलीकडे. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं, वाड्यांना त्याचंच पाणी. काठानं चालताना मोठे फादर एकदा थांबले, दम घेतला. पाण्याकडे बघितलं. धाकटे फादर त्यांच्या एक पाऊल मागे, आणि मी ताट घेऊन त्यांच्या मागे.

अंगणात पुरुष खुर्च्यांवर बसले होते. फादरांना बघून उठले. आत बायकांची जपमाळ चालली होती, ती थांबली.

जेसिंता भिंतीला टेकून चटईवर बसली होती. मांडीवर पांढरी पेटी. नव्या बुटांच्या खोक्यापेक्षा थोडी मोठी, बस. एक हात पेटीवर, दुसरा पदराखाली छातीशी दाबून धरलेला. पदर ओला झाला होता. मातिल्दाबाय तिच्याशेजारी, लाल लुगड्यात, डोळे सुजलेले. तिला वेगळंच दुःख. ती बाटली तिनं रिकामी केली होती. कोणी तसं म्हटलं नव्हतं, पण ती आल्यागेल्याला सांगत होती, "मीच ओतलं गं पाणी. मीच."

धाकटे फादर दारातच उभे राहिले. त्यांची नजर पदराच्या ओल्या डागावर गेली आणि त्यांनी ती पटकन खिडकीकडे फिरवली.

"आलात, फादर," जेसिंता म्हणाली. मोठ्या फादरांना नाही, धाकट्यांना. "मला एक विचारायचं होतं."

"विचार ना."

"सेलिनामावशीनं फुलं आणलीत. बांधू का?"

धाकट्या फादरांना कळेना. "हे... हे मला का विचारतेस? ते तुम्हा बायकांना..."

"तुम्हालाच विचारायला हवं." तिचा आवाज बसला होता, पण शब्द एकेक सुटा येत होता. "सकाळी तुम्ही म्हणालात, ते पाणी नव्हतं. नव्हतंच. मग ते नुसतं दूध. नुसतं दूध असेल तर आटवते. सगळ्या आटवतात. पण त्या दुधानं माझी आना देवाची झाली असेल, तर मी ते कसं आटवू? बाप्तिस्म्याचं उरलेलं पाणी तुम्ही मोरीत ओतता का, फादर?"

"नाही," धाकटे फादर म्हणाले. आवाज अगदी खाली. "मातीत... वेदीमागं, मातीत ओततात."

"मग मला सांगा. आटवू, की नको?"

बाहेर कोणीतरी खोकलं, अर्ध्यात थांबवलं.

सगळा कायदा धाकट्या फादरांच्या डोक्यात होता. मला दिसत होतं, ते एकेक पान उलटून बघतायत. कुठल्याच पानावर हे नव्हतं...

त्यांनी मोठ्या फादरांकडे पाहिलं.

मोठ्या फादरांनी काठी त्यांच्या हातात दिली. डोक्यावरची टोपी काढली. भिंतीचा आधार घेऊन एक गुडघा टेकवला, मग दुसरा. हाडं वाजली ती आम्हाला ऐकू आली. मातिल्दाबाय घाईनं उठली, "अगो, खुर्ची आणा कोणीतरी! फादर, हे काय करताय?"

"खुर्ची नको, मातिल्दा."

ते जेसिंतासमोर गुडघ्यांवर होते. डोकं वाकवलं. टकलावर पांढरे चार केस.

"आशीर्वाद दे, बाय," ते म्हणाले.

आमच्या घरांत संध्याकाळची जपमाळ संपली की लहान मोठ्यांपुढे वाकतात. आशीर्वाद मागतात. मोठे अंगठ्यानं कपाळावर क्रूस काढतात. फादर आले की सगळं घर फादरांपुढे वाकतं, आजीसुद्धा. फादर कोणापुढे वाकलेले मी जन्मात पाहिले नव्हते.

जेसिंता घाबरली. "मी? फादर, नको. मी तुमच्या नातीच्या वयाची."

"नातीकडे मागत नाही."

"मग?"

"आईकडे मागतोय."

जेसिंता त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला कोणी अजून आनाची आई म्हटलं नव्हतं. हॉस्पिटलात पेशंट म्हणाले. आळीत बिचारी म्हणाले. मीही बिचारीच म्हटलं होतं.

"ज्या अंगठ्यानं आनाला लावलंस," मोठे फादर म्हणाले, "त्यानंच."

पदराखालचा हात बाहेर आला. ओला होता. तिनं तो पुसायला चटईची कड शोधली. फादर म्हणाले, "असू दे."

तिनं त्यांच्या कपाळावर क्रूस काढला. वरून खाली, मग आडवा. ओठ हलले, शब्द ऐकू आले नाहीत. क्रूस सरळ आला.

फादरांनी कपाळ पुसलं नाही.

मग त्यांना उठता येईना. गुडघे अडकले. धाकटे फादर लगबगीनं पुढे झाले, काठी टाकली, झग्यासकट खाली बसले आणि त्यांच्या काखेत हात घालायला वाकले. ते वाकले आणि जेसिंताला वाटलं, हेही मागतायत. तिनं अंगठा पुढे केला.

धाकटे फादर थबकले. आपण फक्त उठवायला वाकलोय, असं त्यांनी सांगितलं असतं तर तिनं हात मागे घेतला असता. मी त्यांचं तोंड बघत होते. मला वाटलं, आता सांगतील.

त्यांनी मान आणखी खाली केली.

तिनं त्यांच्याही कपाळावर क्रूस काढला, आणि मग इतक्या वेळानं पहिल्यांदा रडली. मोठ्यानं रडली. मातिल्दाबायनं तिला पोटाशी धरलं, दोघी एकमेकींवर डोकं टेकून रडल्या. बाहेरचे पुरुष दारात येऊन बघायला लागले, त्यांना मी हाकललं.

रडून झाल्यावर जेसिंतानं पेटी उचलली. विल्फ्रेडकडे दिली नाही. धाकट्या फादरांकडे दिली.

"सांभाळून न्या," ती म्हणाली.

"नेतो," ते म्हणाले.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, ठेचा ती फुलं."

सगळे पेटीमागून गेले. आम्ही दोघी-तिघी बायका मागे राहिलो. मी पाट्यावर कळ्या ठेचल्या, मातिल्दाबायनं जुन्या मऊ लुगड्याचं फडकं फाडलं. बांधताना जेसिंता एकच म्हणाली, "भिजलेली फुलं टाकू नका हं कुठे." टाकणार कशी? दुसऱ्या दिवशी ती फुलं मातिल्दाबायनं विल्फ्रेडबरोबर दफनभूमीत पाठवली. आनाच्या मातीत पुरायला. मी सांगितलं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी मी पेज घेऊन मोठ्या फादरांकडे गेले. धाकटे फादर ओट्याच्या पायरीवर बसले होते. खाली. नेहमी ते खुर्ची ओढून समोर बसतात.

"फादर, मला झोप नाही," ते म्हणत होते. "तुम्ही तिला बाप्तिस्मा झाला म्हणाला नाहीत. नाही झाला, असंही म्हणाला नाहीत."

"नाही म्हणालो."

"ती समजली की झाला."

"ती काय समजली ते तिलाच ठाऊक."

"पण खरं काय?"

मोठ्या फादरांनी पेजेचा वाडगा माझ्या हातून घेतला. वर लोणच्याची फोड होती, ती बाजूला केली. एक घोट घेतला. दुसरा घेतला. मीठ कमी पडलं का, हे विचारायचंही मी विसरले.

"त्या क्रुसानं तुझं काही बिघडलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"धुतलास?"

धाकट्या फादरांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "त्या दिवशी नाही धुतला."

"हं."

"पण फादर, नियम तर पाण्याचाच आहे. प्रभू स्वतः बाप्तिस्म्यासाठी यार्देन नदीच्या पाण्यात उतरला. त्यानं स्वतः पाणी घेतलं. ते सोडून मी कशाला धरू?"

"धर ना. पाणी सोडू नकोस. उद्या कोणी विचारलं तर पाणीच सांग."

"मग जेसिंता?"

मोठे फादर कुंपणापलीकडे बघत होते. माझ्या वाडीत मोगऱ्याला पुन्हा कळ्या आल्या होत्या. मी रोज खुडते, रोज येतात.

"प्रभू यार्देनमध्ये उतरला तेव्हा त्याचं वय किती होतं, ग्लॅडविन?"

"तीस. तिशीच्या आसपास."

मोठ्या फादरांनी वाडगा खाली ठेवला.

"पाणी त्याला तिसाव्या वर्षी लागलं. दूध पहिल्याच रात्री लागलं होतं."